झोपेची वही

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी वही आखून दिली:
किती वाजता पडलात, किती वाजता लागली,
कितीदा उठलात.
म्हणाल्या, खंदारे, महिनाभर लिहा. खरं लिहा.

सोमवार. पडलो दहाला.
लागली: कोरं.
उठलो: उठायला आधी लागावी लागते, मॅडम.

बावीस वर्षं मी जालन्यात पाणी सोडतो.
नळाला दहाव्या दिवशी पाणी, तेही रात्रीचं.
कादराबादला एक वाजता, भोकरदन नाक्याला तीन,
चंदनझिऱ्याला पहाटे, उरलं तर.
खांद्यावर माझ्याएवढी लोखंडी चावी,
कमरेएवढ्या खड्ड्यात उतरायचं,
अठ्ठावीस फेरे, डावीकडे.
मग गल्लीभर दिवे लागतात,
मोटारी घुरघुरतात, घागरीला घागर लागते,
कुणीतरी कुणालातरी हलवतं: ऊठ गं, आलं.
गावाची झोप मोडायचा
मला पगार आहे.

मंगळवार. पाळी नव्हती.
तरी एकला डोळे टक्क.
भिंतीला कान लावला, तर नळात पाणी वाहत होतं.
गोकर्णाला उठवलं. तिनं तोटी सोडून दाखवली.
फुस्स.
ती काही बोलली नाही, तशीच उभी राहिली
तोटीवर हात ठेवून.

बुधवार. इलियासभाई म्हणला, चाय कम कर, होता सब बराबर.
साहेब म्हणले, तुला काय धाड भरली झोप न यायला,
रात्रीचाच माणूस तू.
मेव्हण्यानं सांगितलं, उशाला विळा ठेव.
ठेवला.
गोकर्णानं काढला.
काहून काढला, ते मी विचारलं नाही.

गुरुवार.
हे मागच्या पानावर लिहितो, याला रकाना नाही.
तीनच्या सुमाराला टाकीवर चढलो.
लेव्हल बघायला, असं मीच मला सांगितलं.
चौऱ्याऐंशी पायऱ्या.
लेव्हल खालूनही दिसते, पट्टी लावलेली आहे.
वरून एमआयडीसीतल्या भट्ट्यांचा लाल उजेड,
कुंडलिकेचं काळं पात्र,
आणि एवढ्या गावात कुणीच जागं नाही.
कठड्यावर हात होते माझे. किती वेळ, माहीत नाही.
मग खिशात फोन वाजला.
गिरणीमागची तान्हाबाई मावशी:
"बाबा, सुटंल का रं आज? मी जागीच हाय."
बावीस वर्षं ज्या फोनला शिव्या घातल्या
त्याला कानाला धरून
मी एकेक पायरी उतरलो.
सुटंल मावशी. येतोच.

बाईंनी मागचं पान दोनदा वाचलं,
बाहेरच्या रांगेला थांबा म्हणल्या, खुर्ची जवळ ओढली.
मी विचारलं, झोप गेली म्हणून मन असं झालं,
का मन असं झालं म्हणून झोप गेली?
त्यांनी उलट मलाच विचारलं,
लाइनीत हवा धरली की तुम्ही काय करता?
हे मला येतं. सांगितलं:
पाणी नसलं की हवा शिरते,
हवा शिरली की पाणी येत नाही.
आधी कोण, हे शोधत बसलं तर वॉर्ड कोरडा मरतो.
एअर व्हॉल्व्ह सोडायचा, सावकाश.
आधी नुसतं फुसफुसतं,
मग गढूळ थुंकतं, गंज येतो, कधी पालीचं शेपूट.
घाई केली की पाइप फुटतो.
"किती दिवस लागतात?"
ते लाइनीवर आहे, मॅडम.
बोलता बोलता मी थांबलो.
त्या गोळ्या लिहीत होत्या.

रात्रपाळी बंद, अशी चिठ्ठी मिळाली.
साहेबांनी ती उलटूनपालटून बघितली,
मागं काही लिहिलंय का म्हणून.
चावी आता इलियासभाईकडं. टाकीच्या फाटकाचीपण.
हात रिकामे असले की खांदा दुखतो, हे नवीनच.

त्यानंतर सतरा पानं तीच: दीड तास, दोन तास, कोरं.

अठरावं पान. अक्षर माझं नाही.
"पडले साडेदहाला. लागली बारा वाजून गेल्यावर.
दोनला फोन आला, मी घेतला.
सांगितलं, झोपलेत ते.
पाणी आलं होतं. मोटार लावली नाही.
एकटीनंच भरलं, हळूहळू,
घागर घागरीला लागू दिली नाही."